वडिलांच्या जागी ‘इनकोग्नितो’: गोव्याच्या जुन्या जन्मनोंदींत अनौरस पूर्वजाचा माग कसा काढावा

गोव्याच्या पोर्तुगीजकालीन वहीत खापरपणजोबांची नोंद सापडते, वडिलांच्या नावाच्या जागी ‘पाय इनकोग्नितो’, म्हणजे ‘पिता अज्ञात’, असे दोन शब्द दिसतात, आणि शोध घेणारा वही मिटून थेट त्या अज्ञात पित्याच्या मागे लागतो. बहुतेक शोध इथेच बिघडतात. ज्या नोंदीत वडील नाहीत तिच्यात आई, पाद्रिन्यो, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, आणि समासातील शेरे असतात. वडिलांपर्यंत पोहोचायची वाट असलीच तर ती यांच्यातून जाते, म्हणून पुढील टप्प्यांचा क्रम मोडू नये.

सुरुवात करण्यापूर्वी

एक जाड वही घ्यावी आणि तिची दोन पाने नेहमी समोरासमोर वापरावीत. डाव्या पानावर कागदात जसे लिहिले आहे तसे उतरवावे आणि उजव्या पानावर आपला अर्थ किंवा तर्क लिहावा. हे वरवर शाळकरी वाटते, पण सहा महिन्यांनी ‘हे आपण वाचले होते की आपल्याला वाटले होते’ असा प्रश्न पडतो तेव्हा हीच दोन पाने उपयोगी पडतात.

घरातील वडीलधाऱ्यांना विचारताना ‘आजोबा अनौरस होते का’ असा प्रश्न करू नये. आजोबांची आई कोणत्या वाड्यावरची होती, ती कोणाच्या घरी राहत असे, मुलाच्या बाप्तिस्म्याला किंवा बारशाला कोण आले होते, लग्नात कोणत्या घरचा आहेर आला, असे साधे प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळतील तशीच डाव्या पानावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालावी.

टप्पा १: घरातल्या कागदांपासून मागे जाणे

आपल्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जावे आणि मधली पिढी कधीही ओलांडू नये. ज्या पूर्वजाबद्दल शंका आहे त्याच्या जन्मनोंदीआधी त्याच्या लग्नाची आणि मृत्यूची नोंद मिळवावी. लग्नाच्या नोंदीत वयावरून जन्मसाल साधारण ठरते, गाव कळते, आणि पालकांच्या रकान्यात काय लिहिले आहे तेही कळते. जन्माच्या वेळी वडील अज्ञात आणि लग्नाच्या वेळी वडिलांचे पूर्ण नाव, असा फरक दिसला तर तो मोठा धागा समजावा. मात्र लग्नाच्या नोंदीतील वडिलांचे नाव सांगणारा स्वतः वर किंवा त्याचे नातेवाईक असत. लोकलाजेस्तव एखादे नाव सांगून टाकणे अवघड नव्हते, त्यामुळे ते नाव सध्या उजव्याच पानावर ठेवावे.

तपासा: पूर्वजाचे नाव, अंदाजे जन्मसाल, आईचे नाव आणि गाव या चारही गोष्टी हाती आल्या का? एखादी राहिली असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा २: नेमकी वही कोणती, हे ठरवणे

गोव्यात सर्वांसाठी सिव्हिल नोंदणी १९१४ पासून सुरू झाली. त्यानंतरचा जन्म असेल तर त्या त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रार कार्यालयातून सुरुवात करावी. जुनी पुस्तके पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे गेलेली असू शकतात, तेव्हा हेलपाटा घालण्याआधी हवे ते साल कुठे आहे हे विचारून घ्यावे. त्याआधीच्या ख्रिस्ती पूर्वजासाठी चर्चच्या बाप्तिस्मा वह्या पाहाव्या लागतात. त्या कधी मूळ चर्चमध्ये असतात, तर कधी पणजीत. फॅमिलीसर्चसारख्या वंशशोधाच्या संकेतस्थळांवर काही वह्यांची छायाचित्रेही पाहता येतात.

१९१४ च्या आधीच्या हिंदू पूर्वजांसाठी बाप्तिस्मा वहीसारखी सलग जन्मनोंद मिळेल अशी आशा धरू नये. तिथे जमिनीचे कागद, नोटरीकडचे दस्त, देवस्थानचे जमाखर्च आणि घरची पत्रे यांवर भिस्त ठेवावी लागते.

इथे एक चूक हमखास होते. शोधणारा फक्त घराण्याच्या गावातली वही पाहतो. अविवाहित मुलीचे बाळंतपण पुष्कळदा गावाबाहेर, मावशीकडे किंवा नोकरीच्या घरी होत असे, आणि बाप्तिस्माही तिथल्याच चर्चमध्ये होई. गावात नोंद नसेल तर लगतच्या फ्रेगेझिया, म्हणजे चर्चच्या हद्दी, आईच्या आजोळचे गाव आणि पणजी-मडगाव-म्हापशासारखी ठिकाणे या क्रमाने शोधावे. मुंबईत कामाला गेलेल्या बाईचे मूल असेल तर मुंबईच्या चर्चच्या वह्याही विसरू नयेत.

टप्पा ३: सारांश नको, पूर्ण नक्कल

कार्यालयात केवळ ‘जन्मदाखला’ मागितला तर नाव, तारीख, ठिकाण, पालक एवढाच छापील उतारा हाती पडू शकतो. आपल्याला मूळ नोंदीचा शब्दशः मजकूर हवा असतो, ज्याला गोव्यात ‘तेओर’ म्हणतात. अर्जात स्पष्ट लिहावे की समासातील सर्व शेऱ्यांसह पूर्ण मजकूर हवा आहे. संगणकावरील नामसूची तर निव्वळ पत्ता दाखवणारी पाटी आहे. सूची करणाऱ्याने नाव आणि साल उतरवलेले असते, ‘नातुराल’ हा विवाहाबाहेरच्या जन्मासाठीचा शब्द आणि समासातील शेरा बहुधा गाळलेला असतो. नोंदीचे मूळ पान किंवा त्याचे छायाचित्र पाहिल्याशिवाय कोणालाही औरस किंवा अनौरस ठरवू नये.

टप्पा ४: नोंद शब्दाशब्दाने वाचणे

या टप्प्याला घाई अजिबात चालत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीचा साचा ठरलेला असतो. आधी तारीख अक्षरी, मग चर्च, मग पाद्रीचे नाव, मग मूल, पालक, कुठे कुठे आजी-आजोबा, शेवटी पाद्रिन्यो-माद्रिन्या, म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, आणि सह्या. सरावासाठी रचलेला हा तुकडा पाहावा:

‘रोझा, फिल्या नातुराल द आना मारिया, सोल्तेयरा, नातुराल देश्ता फ्रेगेझिया, ई द पाय इनकोग्नितो.’

यात ‘नातुराल’ दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळी अर्थ निराळा आहे. पहिल्या ठिकाणी ‘फिल्या नातुराल’ म्हणजे विवाहाबाहेर जन्मलेली मुलगी. दुसऱ्या ठिकाणी ‘नातुराल देश्ता फ्रेगेझिया’ म्हणजे आई याच चर्चच्या हद्दीत जन्मलेली. गोव्याच्या नोंदींत हा दुसरा अर्थ पानोपानी येतो, आणि तो न कळल्यामुळे चांगल्या लग्नाच्या आईबापांची मुले अनौरस ठरवली गेल्याचे मी पाहिले आहे. कसोटी सोपी आहे: ‘नातुराल’नंतर ‘चा’ या अर्थाचा ‘द’ (किंवा ‘या’ जोडलेला ‘देश्ता’) आणि पुढे गावाचे किंवा चर्चचे नाव आले तर ते जन्मस्थान, ‘फिल्यो’ किंवा ‘फिल्या’ला लागून आला तर तो जन्माचा दर्जा.

इतर शब्द असे. ‘लेजीतिमो’ म्हणजे औरस. ‘इलेजीतिमो’ म्हणजे अनौरस, आणि यात कोणत्या प्रकारचा हे सांगितलेले नसते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. तिच्या भाषेत, ज्या पालकांना एकमेकांशी लग्न करता आले असते अशांचे मूल कबुलीने आपलेसे करता येत असे, पण विवाहित व्यक्तीच्या बाह्यसंबंधातून किंवा निषिद्ध नात्यातून झालेल्या मुलाला तशी मुभा नव्हती. म्हणूनच पिता सर्वांना माहीत असूनही कागदावर तो अज्ञात राही. ‘इनकोग्नितो’ हा शब्द गावाच्या अज्ञानापेक्षा कायद्याच्या मर्यादेबद्दल बरेचदा जास्त सांगतो.

‘एश्पोश्तो’ किंवा ‘एश्पोश्ता’ हा शब्द आला, किंवा ‘पाइश इनकोग्नितोश’ असे अनेकवचन आले, तर आईही नोंदलेली नाही, मूल टाकून दिलेले आहे. अशा नोंदीत मूल कुठे सापडले, कोणी आणले, कोणत्या बाईकडे अंगावर पाजायला दिले हे लिहिलेले असेल तर ते एकही अक्षर न गाळता उतरवावे, कारण याहून दुसरा धागा तिथे बहुधा नसतो. ‘सोल्तेयरा’ म्हणजे अविवाहित आणि ‘व्हियूव्हा’ म्हणजे विधवा. आई विधवा असेल तर पतीच्या मृत्यूची तारीख काढावी. त्याच्या मृत्यूनंतर तीनशे दिवसांच्या आत जन्मलेले मूल कायद्याने त्याचेच धरले जाई.

उलट चूकही टाळावी. लग्नानंतर पाचव्या महिन्यात मूल झाले म्हणून ते अनौरस होत नाही. संहितेत लग्नानंतरच्या १८० दिवसांची मर्यादा आहे, पण त्याआधीच्या जन्मालाही पतीने नाकारले नाही तर ते औरसच राही. नवरा वर्षानुवर्षे जहाजावर तारवटी होता, म्हणून मूल परक्याचे, हा तर गावगप्पांतला तर्क आहे. नोंद औरस म्हणते तोवर आपल्या झाडात, म्हणजे वंशवृक्षात, ते औरसच लिहावे.

आता तारखा. जुने पाद्री सप्टेंबर ते डिसेंबर ही नावे ७ब्रो, ८ब्रो, ९ब्रो आणि दहाच्या रोमन अंकापुढे ‘ब्रो’ अशी लिहीत. सात, आठ, नऊ, दहा हे त्या शब्दांचे लॅटिन मूळ. मी स्वतः एका नोंदीतला ७ब्रो जुलै समजलो, आणि त्यावरून लग्नापूर्वी जन्म झाला असा निष्कर्ष काढून दोन महिने एका निष्पाप जोडप्याच्या मागे लागलो होतो. तेव्हापासून प्रत्येक महिना अक्षरी तारखेशी ताडून घेतो.

नावांचे लेखन हा आणखी एक सापळा. पोर्तुगीजांनी हिंदू नावे कानांनी ऐकून लिहिली, आणि त्यांच्या लिपीत ‘श’ साठी एक्स हे अक्षर येते. शंकरचा ‘शेंकोर’, शेणैचा ‘सिनाय’, नाईकचा ‘नाइके’, कामतचा ‘कामोतीं’ अशी रूपे दिसतात. आईचे नाव दोन नोंदींत निराळे दिसले म्हणजे आई निराळी, असे ठरवण्याआधी ते नाव मोठ्याने उच्चारून पाहावे.

सावधान: ‘इनकोग्नितो’ हे आडनाव नाही. सूचींमध्ये ते आडनाव म्हणून घातलेले आढळते, त्यावरून नातेवाईक शोधत बसू नये.

टप्पा ५: समासातील शेरे

नोंदीच्या बाजूच्या समासात नंतरच्या काळात लिहिलेले शेरे असतात, त्यांना ‘आव्हेर्बामेन्तो’ म्हणतात. मूळ नोंद वेगळ्या शाईत, शेरा वेगळ्या हाताचा आणि कदाचित वीस वर्षांनंतरचा. अनौरस पूर्वजाच्या बाबतीत सर्वांत मोलाचे दोन शेरे म्हणजे ‘पेर्फिल्यादो’, म्हणजे पित्याने कबूल केलेला, आणि ‘लेजितिमादो’, म्हणजे आईवडिलांनी पुढे लग्न केल्यामुळे औरस झालेला.

कबुली जन्मनोंदीत, नोटरीच्या दस्तात, मृत्युपत्रात किंवा सार्वजनिक अधिकाऱ्यासमोरच्या लेखात देता येत असे. शेऱ्यात ‘एश्क्रितुरा’ किंवा ‘तेश्तामेन्तो’ हे शब्द आले तर ते अनुक्रमे दस्त आणि मृत्युपत्र. त्यांची तारीख, नोटरीचे नाव आणि पानाचा क्रमांक टिपून ती मूळ पाने काढावीत, कारण कबुलीचा दस्त पुष्कळदा शेऱ्यापेक्षा बरेच काही सांगतो. कबुली आणि औरसीकरण यांची स्वतंत्र नोंदवही आहे का, हेही कार्यालयात विचारून पाहावे.

तपासा: एकाच माणसाची एक नोंद ‘नातुराल’ आणि पुढची ‘लेजीतिमो’ दिसली म्हणून ती दोन माणसे मानू नयेत. दोन तारखांच्या मध्ये आईवडिलांचे लग्न शोधावे. बहुधा तेच कारण निघते.

टप्पा ६: आईचा माग

आता आईला पूर्ण आयुष्य द्यावे. तिची जन्मनोंद, भावंडे, तिचे पुढचे लग्न असल्यास ते, इतर मुले आणि मृत्यू, इतके सगळे जमवावे. तिची इतर मुलेही ‘नातुराल’ असतील तर त्यांच्या पाद्रिन्योंची नावे एकाखाली एक मांडावीत. तेच नाव, किंवा एकाच घराण्यातली नावे, दोन-तीन वेळा आली तर लक्ष द्यावे. पाद्रिन्यो स्वतः पिताच असेल असे नव्हे. तो बापाचा भाऊ, आईचा मामा किंवा नुसता शेजारीही असू शकतो.

एक खास तपासणी: त्याच चर्चमध्ये त्याच नावाचे मूल पाच वर्षांच्या आत दफन झाले आहे का, हे मृत्यूच्या वहीत बघावे. तान्हे मूल गेल्यावर पुढच्याला तेच नाव ठेवण्याची रीत होती. ही नोंद चुकली की पूर्ण शाखा एका मेलेल्या मुलावर उभी राहते.

कलावंतांची, म्हणजे देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्यांची, आणि देवस्थानाशी बांधलेली घराणी इथे स्वतंत्रपणे पाहावी लागतात. फोंडा परिसरातील अनेक कुटुंबांत वंश आईकडून चालत असे, पित्याला घरात ‘यजमान’ म्हणत आणि त्याचे नाव कागदावर नसे. अशा नोंदीला ‘लपवलेला बाप’ समजून वाचणे चूकच. कागदावर आजी, आई, लेक अशी साखळी सरळ मिळते आणि तीच मूळ वंशावळ असते. यजमानाचे नाव तोंडी परंपरेतून येईल. ते उजव्या पानावर, सांगणाऱ्याच्या नावासकट. आडनाव पुष्कळदा गावावरून घेतलेले असल्याने केवळ आडनाव जुळले म्हणून रक्ताचे नाते जोडू नये.

टप्पा ७: वडिलांसाठी पुरावा

इथवर आल्यावरच पित्याबद्दल बोलावे. पुराव्याचे वजन मी पुढील क्रमाने धरतो. सर्वांत वर पित्याची स्वतःची लेखी कबुली, मग न्यायालयाचा निवाडा. २५ डिसेंबर १९१० च्या मुलांविषयीच्या पोर्तुगीज कायद्याने पितृत्वाचा दावा करण्याची वाट आधीपेक्षा अधिक प्रसंगी मोकळी केली, म्हणून त्यानंतरच्या दाव्यांचे कागद तपासण्यासारखे असतात. त्याखाली पित्याच्या मृत्युपत्रात मुलाला किंवा आईला ठेवलेली देणगी. त्याखाली मुलाला दिलेली जमीन किंवा घर. त्याखाली पाद्रिन्यो, आडनाव, शेजार. सर्वांत खाली तोंडी आठवण आणि चेहऱ्यातले साम्य. चेहऱ्याच्या साम्यावर मी एकदाही झाड वाढवू दिलेले नाही.

तर्क पक्का करायचा तर एका खालच्या पायरीच्या पुराव्यावर न थांबता निरनिराळ्या हातांनी लिहिलेले किमान दोन कागद एकाच माणसाकडे बोट दाखवतात का, हे पाहावे. एका कागदाची नक्कल दुसऱ्यात उतरली असेल तर तो एकच पुरावा.

डीएनए चाचणीचा उपयोग होतो, पण गोव्याच्या बाबतीत एक अडचण आहे. पिढ्यानपिढ्या त्याच गावांत, त्याच जातीत लग्ने झाल्यामुळे दूरचे नातेवाईकही चाचणीत जवळचे दिसतात. त्यामुळे चौथ्या चुलतपणाचा जुळवा पाहून पणजोबा ठरवू नयेत. पूर्वज पुरुषच असेल आणि त्याची अखंड पुरुषवंशाची ओळ आजवर चालत आली असेल, तर वाय गुणसूत्राची चाचणी अधिक उपयोगी पडते, कारण ते गुणसूत्र बापाकडून मुलाकडे फारसा बदल न होता जाते. चाचणीला बसवण्याआधी नातेवाइकाला सांगावे की यातून त्याच्याच घरातली एखादी गोष्ट उघडी पडू शकते. संमती लेखी घ्यावी.

टप्पा ८: वंशावळीत काय लिहायचे

वडिलांच्या चौकटीत अंदाजाचे नाव कधीही लिहू नये. ‘नोंदीत पिता अज्ञात’ असे लिहावे आणि तर्क खाली टिपेत, पुराव्याच्या पायरीसह द्यावा. ऑनलाइन झाडात एकदा टाकलेले नाव दुसरे लोक उचलतात, आणि दोन वर्षांनी तेच नाव ‘पुरावा’ म्हणून आपल्याकडे परत येते. ‘अनौरस’ हा शब्द झाडात नावापुढे लावायचीही गरज नसते. मूळ नोंदीतील शब्द जसाच्या तसा दिला, ‘फिल्यो नातुराल’, आणि शेजारी चर्च, साल व पान लिहिले की पुरे. ज्यांची मुले किंवा नातवंडे हयात आहेत अशांच्या बाबतीत झाड आधी त्यांना दाखवावे, मग प्रसिद्ध करावे.

शेवटची तपासणी प्रत्येक नोंदीसाठी सारखीच. पान स्वतः पाहिले का, ‘नातुराल’पुढचा शब्द वाचला का, समास वाचला का, त्याच नावाचे मूल दगावले नव्हते ना, आणि डाव्या-उजव्या पानांची सरमिसळ झालेली नाही ना. यांतल्या एकाचेही उत्तर मनाजोगे नसेल तर नोंद पेन्सिलीनेच ठेवावी.